तिसऱ्या रविवारची हरकत

आई, आपल्या दोघांतला वाद तू जिंकलीस, हे सांगायला मी आज बसलो आहे. तू गेल्याला अकरा वर्षे झाली. पराभव मान्य करायला मुलाने इतका वेळ लावावा, हे तुला नवीन नाही.

तुझ्या धाकट्या लेकीचे लग्न तिशी ओलांडल्यावर मिरजेला जुळले, तेव्हा नव्वदचे दशक नुकते सुरू झाले होते. लग्नाआधी तीन रविवार उपासनेत सूचना वाचायची आणि ‘कोणाची हरकत आहे काय?’ असे विचारायचे, ही आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळातली रीत. आजवर त्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेले मी ऐकले नव्हते. तिसऱ्या रविवारी मात्र शाहूपुरीतला तो लाकूडवाला उभा राहिला आणि म्हणाला, “हाय हरकत. ह्या मुलीचा शब्द माझ्या भावाला दिलेला हाय.” तो शब्द आपण कधीच दिला नव्हता, त्याने भावासाठी मागणी घातली होती आणि आपण ती नाकारली होती, एवढेच खरे. पाळकसाहेबांनी चौकशी करून आपल्यावर ठपका ठेवला नाही, परंतु मिरजकर म्हणाले, “वादातली मुलगी आम्हांला नको.” दुसरे स्थळ आले नाही. धाकटी उपासनेत पेटी वाजवीत होती, ती तशीच वाजवीत राहिली.

मंगळवार पेठेतले आपले स्वयंपाकघर मला आत्ताही दिसते. तू भाकरी थापते आहेस आणि मी उंबऱ्यात उभा राहून शपथ घेतो आहे: त्याच्याही घरी मुलगी आहे; तिच्या तिसऱ्या रविवारी मी उभा राहीन. तू परातीतून मान वर न काढता म्हणतेस, “तिला अजून आपली येणी घालाय येत न्हाय, आनि तू तिचं लगीन मोडाय निघालास व्हय रं मास्तरा? न्याय करायची खुर्ची देवाची हाय. ऊठ तितनं.” तू बोलू लागलीस की तुझे उच्चार मी मनातल्या मनात सुधारीत असे, शाळेत जन्मभर तेच केले. त्या दिवशी सुधारण्याचेही भान राहिले नाही, इतका मी संतापलो. पुढच्याच रविवारी तू त्याच्या बायकोशेजारी जाऊन बसलीस आणि तिचा चष्मा घरी राहिला म्हणून गीताची एकेक ओळ तिच्या कानात सांगत राहिलीस. तो मला तुझा दुबळेपणा वाटला. माझ्या अनेक चुकांपैकी ती सर्वांत मोठी.

आता पुढचे ऐक. तुझ्यामागे मी मंडळीचा चिटणीस झालो आणि सूचना वाचणे माझ्याकडे आले. त्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा माझ्या शपथेला चौदा वर्षे होत आली होती. तिचे एकदा गडहिंग्लजला ठरून दोन्हीकडच्या राजीखुशीने मोडले होते, हे मला ठाऊक होते. ‘तो शब्द अजून उभा आहे’ एवढे वाक्य पुरले असते. गडहिंग्लजचे मोडल्यापासून मी ते वाक्य घासूनपुसून ठेवले होते.

तिसरा रविवार. मी सूचना वाचतो, प्रश्न विचारतो आणि थांबतो. सगळे देऊळ माझ्याकडे पाहते आहे. वधूकडे कोणीच पाहत नाही. लाकूडवाल्याने पुढच्या बाकाची कड घट्ट धरली आहे. मुलगी मात्र निर्धास्त हसते आहे, तिला यातले काहीच ठाऊक नाही. आणि एकाएकी मला कळते की न्यायाधीश होण्यासाठी मला आधी खोटा साक्षीदार व्हावे लागणार आहे. देवाला तसे कधी करावे लागत नाही. मी मनात म्हणतो, ‘प्रभो, हा माणूस तुझ्या स्वाधीन. मी उठलो.’ मग मोठ्याने म्हणतो, “कोणाचीही हरकत नाही. माझी तर नाहीच.”

“माझी हाय,” असे म्हणत वधूचा बापच उभा राहतो! बायको त्याचा सदरा ओढते, “अवो, खुळं झालाईसा काय?” तो बसत नाही. “माझी हरकत माझ्यावरच हाय. मास्तरांच्या बहिणीबद्दल मी हितंच उभं राहून खोटं बोललो हुतो. शब्द कुनीबी दिला नव्हता. न्हाय म्हनाले त्याचा राग धरला मी.”

तेवढ्यात पेटीमागून तुझी लेक खणखणीत आवाजात म्हणाली, “बरं झालं, बोललासा. आता बसा की खाली! पोरगी घामाघूम झालीया.” देऊळ हसले आणि निम्मे रडलेही. तिने स्तुतिगीत सुरू केले, तेही नेहमीच्या दुप्पट लयीत, आणि लोक असे गायले की बाहेर रस्त्यावरून जाणारेही थबकून आत डोकावू लागले.

धाकटीचे मोडलेले लग्न पुन्हा जुळले नाही. ते मी लपवीत नाही. परंतु जिथे तिच्या नावाला डाग लागला, तिथेच, त्याच तोंडाने, भर मंडळीसमोर तो धुतला गेला. मी सूड घेतला असता, तर माझ्या खोट्याखाली त्याचे खोटे कायमचे गाडले गेले असते. न्याय झाला आई, आणि त्याला माझा हात लागला नाही! असा विजय मला जन्मात दुसरा मिळालेला नाही.

हे पत्र कोणत्या पेटीत टाकायचे, हा प्रश्नच नाही. ते टेबलावरच राहील. फक्त एक सांगून थांबतो. तो माणूस मला अजूनही आवडत नाही. परवा तो आजारी असल्याचे ऐकले आणि त्याच्यासाठी प्रार्थना केली. ती फार लहान होती.