वाघजाईचा कौल

मिरजोळे, १२ मे २०२४

ती. मालनताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलवेना म्हणून लिहितो. काल दीपालीला आपले घेराकुसवडे दाखवून आणले. गडाचा दरवाजा, कातळातले टाके, पिकलेली करवंदे. एवढे सुंदर गाव सोडलेत कशाला, असे आमची लेक मला विचारत होती.

मग वाघजाईच्या देवळामागे गेलो. डोंगराला भेग पडली आहे. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. सगळी वाडी खालच्या शाळेत उतरली. वर फक्त आपले रामाकाका. देवीला खाली न्यावे का, असा वाडीने कौल लावला, तर आईने नकार दिला. मग तिची पूजा सोडून आपण कसे जायचे, म्हणतात. पाऊस तोंडावर आला आहे. देवीच्या पायापासून त्यांना ओढून आणायला माझा हात धजत नाही, आणि तिथे ठेवू तरी कसे? ते तुझे ऐकतात. तू जा.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा, सागर

खेड, १९ मे

चि. सागरास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळताच वर गेले. काकांनी आधी माझ्या धापेची थट्टा केली, मग फणसाचे गरे पुढे ठेवले. मी म्हटले, आईने स्वतःपुरते सांगितले. तुमचे काय, ते विचारलेत का? ते हसले. घरात राहू का, असे लेकरू आईला विचारते होय, म्हणाले. तरी माझ्या समाधानासाठी देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला एकेक कळी लावली आणि रामाने तुझ्यापाशी राहावे का, असे विचारले.

डावी पडली. म्हणजे नाही. पुन्हा लावल्या. पुन्हा डावी.

मला हेच हवे होते रे, पण काकांचा चेहरा बघवला नाही. दिवा लावला, दाराला कडी घातली आणि माझ्यामागून उतरले.

आता आमच्या पडवीत आहेत. धड जेवत नाहीत. आयुष्यभर सेवा केली, माझे काय चुकले, एवढेच विचारतात. तिने तुम्हाला वाचवले म्हटले, तर म्हणतात, मग ती का राहिली? हे तूच त्यांना समजाव. तू देवाधर्माचा, तू ये.

घरी सर्वांना आशीर्वाद.
तुझी, ताई

मिरजोळे, २३ मे

ती. ताईस शि. सा. न.

पत्र मिळाले, काकांचा प्रश्न वाचला. जन्मभर आईकडे मागत आलो. तिचे काय होईल, हे कधी मनात आले नाही.

शनिवारी येतो. काकांना सांग, या वेळी आपण दोघे मिळून तिच्यासाठी मागू. कुणापाशी, ते मला ठाऊक नाही.

सागर