तीन हार्ड डिस्क आणि अब्बांचा रिमोट

दिनांक ९ जानेवारी २०२५, गुरुवार, दुपारचे सव्वातीन. अब्बांचे वाजवणे लाल हार्ड डिस्कवर उतरवत बसलो आहे. कॉम्प्युटर म्हणतो अकरा मिनिटे राहिली. अर्ध्या तासापूर्वीही अकराच म्हणत होता. तेवढ्यात मृत्युपत्र लिहून घेतो.

मी, फरहान चाँदभाई आतार, वय सव्वीस, राहणार पौड, तालुका मुळशी, शिक्षण अर्धी अकरावी, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी धमकावलेले नाही आणि बिघाड फक्त पोटात आहे. परवा पुण्यात हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. किरकोळ कामातच माणसे निष्काळजी होतात, हे मी घरातच पाहिले आहे. म्हणून हा कागद.

कलम १. घर अब्बांचे. कॉम्प्युटरही अब्बांनी घेतलेला. माझ्या फक्त तीन हार्ड डिस्क: काळी, निळी, लाल. तिन्हींत माल एकच. अब्बा गुलशन ब्रास बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत. कासार आंबोलीच्या वरातीत नवरदेवाच्या घोड्याने लाथ झाडली आणि अब्बांचे पुढचे दात गेले. वाजवणे तिथेच संपले. घोड्याला मी अजून माफ केलेले नाही. नवरदेवाला तर नाहीच. त्याने वरात थांबवलीसुद्धा नाही.

जुन्या वरातींच्या कॅसेटी घरात होत्या. त्या एकेक करून मी वायरीने कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. उतरवून झाल्या त्याच आठवड्यात अब्बांनी त्या भंगारवाल्याला देऊन बादली घेतली. म्हणाले, "कॉम्प्युटरात हाय की समदं. मंग ही अडगळ कशाला?" म्हणजे मूळ आता कुठेच नाही. आहे ते एवढेच.

कलम २. गेल्या बकरी ईदला पाहुण्यांना ऐकवायचे म्हणून अब्बांनी काळी डिस्क टीव्हीच्या डब्याला लावली. डब्याने इंग्रजीत विचारले, ही पुसून रेकॉर्डिंगसाठी तयार करू का? अब्बांनी रिमोटवर ओके दाबले.

"अब्बा, काय दाबलंत?"

"मधलं बटन. त्येच दाबत्यात."

"वाचलं तरी का?"

"आरं, कायतरी इचारत हुतं. पाव्हन्यांसमोर न्हाई कशाला म्हनू?"

मी कपाळाला हात लावला तसे तेच चिडले. "म्या वाजवलेलं म्याच पुसलं. तुझ्या बापाचं काय गेलं?"

अम्मी आतून म्हणाली, "बापाचंच गेलं की!"

काळी मी कॉम्प्युटरवरून पुन्हा भरली. पण तेव्हापासून घरात पाहुणे आले की माझ्या पोटात गोळा येतो. हर्निया त्यातूनच झाला असावा. डॉक्टर नाही म्हणतात.

कलम ३. आमच्या कायद्याने मृत्युपत्रातून मिळकतीचा तिसरा हिस्साच आपल्या मर्जीने देता येतो. बाकीचा वारसांचा. माझे लग्न झालेले नाही, त्यामुळे वारस अब्बा आणि अम्मी. म्हणजे एक डिस्क माझ्या मर्जीची, आणि उरलेल्या रिमोट असलेल्या घरात.

सबब लाल डिस्क माझी थोरली बहीण अलमासआपा, राहणार कासारसाई, हिला द्यावी. एकाच कपाटातल्या तीन कॉप्या म्हणजे एकच कॉपी. म्हणून एक तरी दुसऱ्या गावात हवी. आपाने ती अधूनमधून लावून, उघडून, ऐकून पाहावी. नुसता दिवा लागला म्हणजे डिस्क जिवंत आहे असे नाही. काढताना हिसका देऊ नये.

कलम ४. निळी अम्मीच्या वाट्याला. अम्मीला हात जोडून विनंती की ती तांदळाच्या डब्यात ठेवू नये. पावसाळ्यात ओल लागू नये हा हेतू चांगला होता, पण वायरीच्या भोकात कोंडा गेला आणि तो मला दात कोरायच्या काडीने काढावा लागला.

कलम ५. मित्र शैलेश, मोबाइलचे दुकान, पौड. याने मला ढिली केबल विकली. बदलून मागितली तर म्हणाला, "केबल ब्येस हाय, तूच लई हलतोस." साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये म्हणतात, म्हणूनच त्याला साक्षीदार केले आहे.

कलम ६. उरली काळी. ती कायद्याने अब्बांच्या वाट्याला येते. माझी इच्छा अशी की तीही आपाकडे जावी. त्याला वारसाची संमती लागते, आणि काझीसाहेब म्हणाले, ती संमती माणूस गेल्यावरचीच धरतात. हे मी आत्ताच अब्बांना वाचून दाखवले.

"म्हंजी आज सही करून उपेग न्हाई?"

"नाही."

"मंग आधी मर, मंग सही माग."

अम्मीने लाटणे आपटले. "दात न्हाईत तरी चावतोय बघा ह्यो मानूस!"

अब्बांनी माझ्या हातातला पेन काढून घेतला. म्हणाले, "कुटं लिवायचं असतं त्ये?" मी खालची जागा दाखवली.

लाल डिस्क भरली. उघडून, ऐकून पाहिली. वाजते.

ठिकाण : पौड. दिनांक : ९ जानेवारी २०२५.
सही : फरहान चाँदभाई आतार

साक्षीदार
१. शैलेश मारणे, पौड (कलम ५ मान्य नाही, सही केली आहे)
२. म्हसू कोकरे, रिहे

वारसाची संमती (मृत्यूनंतर भरावी) :
संमती न्हाई. ती तू मेल्यावर द्यायची आसती, आन तेवढं काम माझ्याच्यानं हुनार न्हाई. काळी डिस्क उद्या सवता अलमासला नेऊन देतो. तू शनवारी जा आन ये.
— चाँदभाई