पंख्याला लावलेली धार

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी त्या सकाळचा तुमचा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. आपल्या होडीच्या मशीनच्या पंख्याचं त्या हंगामातलं तिसरं पातं मोडलं होतं. तुम्ही तो थोटा पंखा सगळ्या धक्क्यासमोर उचलून धरलात. "पोरीचे हातान मशीन दिली, मंग पाती तुटनारच! हिला पान्यातला दगड दिसत न्हाय." मासळी निवडणाऱ्या बायासुद्धा हसल्या. मशीनचं हँडल माझ्या धाकट्या भावाच्या हातात गेलं. त्याच्याकडून पातं मोडलं तेव्हा मात्र तुम्ही म्हणालात, पंखाच हलका निघाला. माझ्या हातून होडी एकदाही दगडाला लागली नव्हती. तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत.

तुमच्यामागे होडी मी हट्टाने माझ्याकडे घेतली. आता पाहुण्यांना गळाने मासे धरायला नेते, भाऊ सोबत असतो. यंदा महिन्यात दोनदा पातं मोडलं, दोन्ही वेळा हँडल त्याच्याकडे. त्याच धक्क्यावर, पाण्यातला दगड न दिसण्याचे तुमचेच शब्द त्याला ऐकवून मी त्याला होडीवरून उतरवलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तो मान खाली घालून घरी गेला. पुढच्याच आठवड्यात भर खोल पाण्यात पातं गेलं, आणि हँडल माझ्या हातात होतं.

मग मी मशीन उतरवली. पंखा बसतो तो शाफ्ट वाकलाय का, ते त्याला पेन्सिल टेकवून फिरवून पाहिलं; सरळ होता. मशीन बसवलेली उंची बरोबर. शेवटी मोडलेली कड उजेडात धरली. थोडा भाग काळपट, खारं पाणी मुरलेला, बाकीचा लख्ख. चीर जुनी होती, आणि ती निघाली होती कानशीच्या ओरखड्यातून. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी तुम्ही पंखा मांडीवर घेऊन पात्यांना कोयत्यासारखी धार लावायचात. "जाला अडकला तं कापून निंगल." जाळं एकदाही कापलं गेलं नाही, पाती तेवढी कागदासारखी झाली. माझी पाती तुम्ही मोडत होतात, बाबा.

मेलेल्या माणसाची अब्रू काढू नये म्हणतात. मी काढली. तो तुकडा घेऊन धक्क्यावर गेले आणि तेव्हा हसलेल्या एकेकीला दाखवला. सांगितलं, ही माझ्या बापाची करणी. कोणी हसलं नाही, याचा अजून राग येतो.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगितली नाही. तुमच्यामागे अठरा वर्षं, नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी पंखा माझ्या मांडीवर असतो, धार मी लावते. तुमचीच कानस, तुमच्यासारखाच हात. भावाने ती कधी धरलेली नाही. तो अजून धक्क्यावर येत नाही. त्याचं दार इथून चौथं आहे, आणि मी तुम्हाला पत्र लिहीत बसले आहे.