सरळ केलेलं चर्च

सर, तुम्ही इंग्लंडमधलं एकही चर्च पाहिलं नव्हतं. हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. तरी दर गुरुवारी पिवळे पडलेले कागद काढून तुम्ही मध्ययुगीन खेड्यातलं चर्च असं उतरवून द्यायचात, जणू कालच तिथून आलात. पश्चिमेला मनोरा, मध्ये गावकऱ्यांचं लांब दालन म्हणजे नेव्ह, पूर्वेला पाद्र्याचं छोटं दालन म्हणजे चॅन्सल. लिहा, पुढे. प्रश्न विचारलेला तुम्हाला खपत नसे, कारण उत्तर त्या कागदांवर नसायचं.

मी ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकातून तसं एक चर्च मोजून काढलं. त्यातलं चॅन्सल नेव्हच्या रेषेत नव्हतं, उत्तरेकडे जरा कललेलं होतं. मी तसंच काढलं. तुम्ही माझी शीट वर्गासमोर उचलून धरलीत.

"हे चर्च आहे की वादळात सापडलेला गोठा?"

"सर, पुस्तकात तसंच आहे."

"पुस्तक बरोबर आहे, हात वाकडा आहे तुझा. आणि तुला कशाला गं आर्किटेक्चर? लग्न करून दुबईलाच जाणार ना?"

वर्ग हसला. तुम्ही लाल पेन्सिलीने मधोमध सरळ रेघ ओढलीत. पुस्तक उघडून बघायचे कष्ट मात्र घेतले नाहीत. मी शीट पुन्हा काढली, सरळ, आणि पास झाले.

दुबईला आले, तुमचं तेवढंच खरं ठरलं. अल कुसैसला राहते आणि रोज हमरिया फ्री झोनमधल्या कारखान्यात जाते. तिथे आम्ही सिमेंटमध्ये काचतंतू घालून नकली दगड बनवतो. यंदा फुजैऱ्याच्या एका रिसॉर्टला लग्नाचा हॉल हवा होता, हुबेहूब इंग्लिश चर्च. इंग्लंडमधल्या एका खऱ्या चर्चची मोजणी आली. मी फाइल उघडते, आणि स्क्रीनवर चॅन्सल उत्तरेकडे कललेलं! त्या दिवशी मी जेवायला उठलेच नाही. नेव्हच्या उत्तरेकडचे खांब जाड, गोल, त्यांवर अर्धगोल कमानी. दक्षिणेकडचे सडपातळ, अष्टकोनी, कमानी टोकदार. एक बाजू पणजोबांनी बांधलेली, दुसरी पणतवंडांनी. मग आणखी कुणी चॅन्सल नव्याने बांधलं, तेव्हा जुनी भिंत मध्ये होती आणि आरपार दोरी धरता आली नसणार. गवंड्यांची चूक, सर, आणि शेकडो वर्षं उभी! तुमच्या पिवळ्या कागदांत यातलं एक अक्षर नव्हतं. इतकी वर्षं तुम्ही शिकवलंत, आणि ही इमारत माणसांनी बांधलीय हे तुम्हाला एकदाही सुचलं नाही.

प्रोजेक्ट मॅनेजर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "मॅडम, ये टेढा क्यूँ है?"

"ओरिजिनल ऐसाही है."

"ओरिजिनल किसने देखा है? क्लायंटला फोटोत दुल्हन सेंटरला पाहिजे. सीधा करो, खलास."

तो मराठी, हिंदी सगळं एकत्र बोलतो, आणि तुमच्यासारखाच उत्तराची वाट बघत नाही. मी चॅन्सल निवडलं आणि फिरवून सरळ केलं. दोन्हीकडचे खांबही एकसारखे केले, कारण एकच साचा पुरतो. ते तर त्याने मागितलंसुद्धा नव्हतं. घरी मुलीला सांगितलं, तर ती फोनवरची नजर न काढता म्हणाली, "यू कुड हॅव सेड नो, ममा."

हॉल उभा राहिलाय. मी बघायला गेले होते. उन्हात पांढराफेक, खेळण्यासारखा गुळगुळीत, आणि इतका सरळ की लाज वाटावी. तुम्हाला तो फार आवडला असता, याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली.

तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, हे पत्र कुठे जायचं नाही. खरं सांगायचं तर, त्या हॉलसमोर उभं असताना मी आसपासच्या माणसांकडे बघत होते. चॅन्सल कललेलं असतं की सरळ, यावर भांडायला मला तिथे कुणीतरी हवं होतं, आणि तुमच्याशिवाय एकही माणूस आठवला नाही.