दोन बोटांचा क्लच

रविवार, १३ एप्रिल १९८६

आज मी ॲल्बीची दोन बोटं तोडली. सख्ख्या थोरल्या भावाची! डाव्या हाताची – अंगठ्याशेजारचं आणि मधलं.

सगळ्यांना सांगितलंय, दोरी सुटली. इथे तरी खरं लिहितो. आमच्या गेलेल्या बापाची बावन्न सालची बाईक आईच्या शेडमध्ये उघडून ठेवलेली. क्लच घसरत होता. ॲल्बी डावीकडे उकिडवा बसून स्प्रिंगांचे नट आवळत होता, मी उजवीकडे किकपाशी. क्लचचा लिव्हर त्याने दाबून दोरीने हँडलला बांधलेला. लिव्हर दाबलेला असला की किक मारली तरी आतल्या प्लेटा तेवढ्या फिरतात, चेन जागची हलत नाही. म्हणून तर चेनपाशी बोटं घालून बिनधास्त बसला होता. तिथूनच म्हणाला, "जुलैच्या चढाच्या शर्यतीला माझंच नाव दिलंय बरं का, नॉरी. तू आपला पाने दे. तेवढंच जमतं तुला."

यंदा माझी पाळी होती! तसं ठरलं होतं! अकरा वर्षं पाने देतोय. दोरी सोडली आणि किक हाणली.

तो आवाज लिहवत नाही.

सोमवार, १४ एप्रिल

ॲल्बी स्वतःच डॉक्टरला म्हणाला, "माझीच गाठ कच्ची होती." आई ऐंशी वर्षांची, पण वॉर्डभर ऐकू जाईल अशी ओरडली – "पन्नाशी उलटली तरी धड गाठ मारता येत नाही? हा नॉरी होता म्हणून वाचलास!" आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

तिला कळलं तर? त्याला कळलं तर? तिघं एका घरात राहतो आम्ही.

रविवार, २७ एप्रिल

ॲल्बी घरी आला. आल्या आल्या शेडमध्ये. उरलेली दोन बोटं माझ्या नाकासमोर नाचवली. "शर्यतीत मीच जाणार. ह्या दोघांनी ओढता येईल असा क्लच करून दे."

"अरे, स्प्रिंगा एवढ्या ढिल्या केल्या तर चढावर घसरेल!"

"ते तुझं तू बघ."

बघतो. काय वाट्टेल ते करतो.

शनिवार, ३ मे

पबमध्ये गिल पर्क्स म्हणाला, "ॲल्बीला यापुढे अर्धाच पेला द्या रे, पुरा धरणार कशाने?" सगळे फिदीफिदी हसले. मी त्याच्या नाकावर डोकं आपटलं. कडकन मोडलं. पडला तरी दोन लाथा घातल्या. पबवाल्याने मानगूट धरून रस्त्यावर फेकलं – महिनाभर तोंड दाखवू नकोस म्हणे.

घरी आई म्हणाली, "भावाची बाजू घेतलीस, गुणाचा रे माझा!"

रविवार, १८ मे

प्लेटा काढल्या. बुळबुळीत. ऑइल बोटावर घेतलं, वास घेतला. मोटारीचं नवं ऑइल! ते इथे घातलं की कॉर्कच्या प्लेटा घसरणारच, आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मार्चमध्ये कोणी घातलं? मी! बाईकचा डबा संपला होता, दुकानापर्यंत जायचा कंटाळा केला आणि गाडीच्या डब्यातलं ओतलं.

म्हणजे त्या दिवशी ॲल्बी माझीच घाण निस्तरत होता.

हातोडी घेतली आणि कामाचं टेबल फोडलं. पार फळी न् फळी. आई धावत आली. म्हटलं, उंदीर होता.

रविवार, ८ जून

प्लेटा पेट्रोलने धुतल्या, सुकवल्या. पातळ ऑइल घातलं. नवी केबल. नट अर्धा अर्धा फेरा सोडतोय – एकाचा जास्त सुटला की प्लेट तिरकी उचलली जाते, मग क्लच धड धरत नाही की सोडत नाही. पुन्हा पहिल्यापासून.

ॲल्बीने ओढून पाहिलं. बोटं पांढरीफटक. "जड आहे!" तिसऱ्यांदा जड निघाला तेव्हा त्याने पाना भिरकावला. माझा कान फाटला, चार टाके. आईला म्हणाला, हातातून सुटला. मीही तेच म्हणालो.

रविवार, २९ जून

जमलं!! करंगळी आणि तिच्या शेजारचं, बास. लोण्यासारखा येतो. मागे ॲल्बीला बसवून चर्चचा चढ चढलो, जराही घसरला नाही. उतरल्यावर ॲल्बी हुंदके देऊन रडला. मीही.

आता सुटलो, असं वाटतंय.

रविवार, १३ जुलै

चौथा आला! दोन बोटांनी चौथा! खाली आला, हेल्मेट काढलं, मला घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाला, "दोरी तू सोडलीस. मी बघत होतो."

मी विचारलं, "मग हात का नाही काढलास?"

"वाटलं, नॉरी किक मारायचा नाही."

मी म्हटलं, मार मला. पाना घे, काय वाटेल ते घे, पण मार! तर हसला. "छे! तीन महिने शेपूट घालून मागेमागे फिरतोयस, झकास चाललंय. मरेपर्यंत असंच चालू दे."

काय झालं कळलं नाही. त्याच्या तोंडावर गुद्दा बसला होता, माझाच. त्याने हेल्मेटने माझं कपाळ फोडलं. गवतात लोळलो, एकमेकांचे गळे धरले. मी त्याचा डावा हात धरला नाही. तेवढं भान होतं. सहा जणांनी ओढून वेगळं केलं.

सोमवार, १४ जुलै

आईला सांगितलं. सगळं, ॲल्बीसमोर. ती उठली आणि तिने ॲल्बीच्या थोबाडीत दिली – "ठाऊक होतं, आणि पाठच्या भावाला तीन महिने असा कुजत ठेवलास?"

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जेवायला टेबलावर दोनच बशा मांडल्या.