भाजीच्या कप्प्यातले कंद

आई,

तुझा नर्गिस इथेही मिळतो. सिंगापूरला, जिथे बारा महिने एकच घामट उन्हाळा, तिथे चिनी नववर्षाच्या आधी बाजारात त्याचे कंद येतात. आमच्या चोआ चू कांगच्या ब्लॉकमधल्या शेजारच्या चिनी आंटीने त्यातले तीन मला आणून दिले. नववर्षाला घरात फुलला तर वर्ष चांगलं जातं, म्हणाली. ते हातात घेतले आणि मला श्रीनगरचं आपलं क्वार्टर दिसलं. चिनारची पानं गळायला लागली की तू भिंतीकडेच्या वाफ्यात कंद पुरायचीस, वर वाळकी पानं पसरायचीस आणि हिवाळाभर तिथे कोणाला पाय ठेवू द्यायची नाहीस. मार्च उजाडतो, कुंपणाशी अजून मळकट बर्फ आहे, आणि तू शाल गुंडाळून उकिडवी बसली आहेस, हिरवी टोकं वर आली का बघत. मी असेन सहा-सात वर्षांची. उरलेला एक कंद नखाने सोलून मी बोट तोंडात घालते, आणि तू हातावर अशी चापट मारतेस की कंद लांब उडतो. नळाच्या बर्फगार पाण्याने तू मला चुळा भरायला लावतेस. "दिसायला कांदा, पण पोटात गेला तर..." एवढंच म्हणतेस आणि पुन्हा पाणी पुढे करतेस. ते वाक्य तू पुरं केलं नाहीस.

आंटी इथल्या सवयीप्रमाणे वाक्याला 'लाह' जोडत म्हणाली, "बाहेर ठेवलास तर नुसती पानंच येणार लाह. आधी फ्रिज." हे मला माहीत होतं. बाबांची पुण्याला बदली झाल्यावर तू गॅलरीतल्या कुंड्यांत दरवर्षी कंद लावलेस आणि दरवर्षी नुसती पानं आली. थंडीच मिळत नाही बिचाऱ्यांना, म्हणायचीस. तू गेलीस तोवर एकदाही फूल आलं नाही. म्हणून मी ते कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले आणि पिशवीवर ठळक लिहिलं, खायचे नाहीत. पण लिहिलं इंग्रजीत. घरात तेव्हा नवरा, मी आणि इथल्या शाळेत जाणारी लेक, एवढीच माणसं होतो. पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून माझ्या सासूबाई आल्या, आणि त्यांना फक्त मराठी वाचता येतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी संकष्टी होती, सासूबाईंचा उपास. नवरा कामासाठी मनिलाला गेलेला, मी चांगी बिझनेस पार्कच्या ऑफिसात. दुपारी त्यांचा फोन आला. "अगं, पोरीला उलट्या होतायत. थांबतच नाहीत. शाळेतून आल्यावर चार घास पोहे खाल्लेन, कडू लागतायत म्हणाली. मी म्हटलं नखरे करते." मी विचारलं, कांदा कुठला घातलात? "फ्रिजमधला, कागदाच्या पिशवीतला. चिरताना डोळ्यांतून पाणीच आलं नाही गं. मला वाटलं, इथले कांदे असेच."

मी त्यांना सांगितलं, शेजारच्या आंटीचं दार वाजवा, पोरीला पुढे करा आणि तो कांदा दाखवा. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण आंटीने पिशवी पाहिली मात्र, सगळं तसंच टाकून ती त्यांना टॅक्सीने हॉस्पिटलला घेऊन गेली, चिरलेला अर्धा कंद रुमालात बांधून. मी बेटाच्या दुसऱ्या टोकाला. एक्सप्रेसवेवर माझी टॅक्सी धावते आहे, झाडं मागे जातायत, आणि मी तुला विचारते आहे, पोटात गेला तर काय गं? काय होतं? तू तेव्हा का थांबलीस? तुला ठाऊक होतं आणि सहा वर्षांच्या पोरीपुढे बोलवेना म्हणून थांबलीस, की तुलाही ठाऊक नव्हतं? तुझा इतका राग मला तू गेलीस तेव्हासुद्धा आला नव्हता. ड्रायव्हर आरशातून बघत होता. "बच्चा आजारी?" असं काहीतरी त्याने विचारलं. मी त्याला आणखी जोरात घ्यायला सांगितलं.

लेक पांढरीफटक पडली होती, हाताला सलाइन. डॉक्टर तरुण होती. कंद हातात फिरवत म्हणाली, "चांगलं झालं, कडू लागलं म्हणून तिने फार खाल्लं नाही. आणि जे खाल्लं ते उलटून पडलंय. आजची रात्र इथे ठेवू." मी तीनदा विचारलं, नक्की ना? बाकड्यावर सासूबाई पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या आणि आंटी त्यांची पाठ चोळत आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. लेकीने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली ते आजीला, "आजी, युअर पोहे सो बिटर लाह." सासूबाईंना हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. मी उरलेले कंद कचऱ्यात टाकायला निघाले, तर सासूबाईंनीच पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. "त्यांनी काय केलंय? चुकले ते माझे डोळे." त्या आणि आंटी, खुणांनी बोलत, उथळ काचेच्या भांड्यात गोटे घालून ते लावत बसल्या. पाण्यात रोज बर्फाचा खडा टाकायचं काम सासूबाईंनी घेतलं. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी फुलं उमलली, पांढरी, मध्ये पिवळी वाटी. घरभर वास सुटला आणि मी खिडक्या उघडल्या. अजूनही उघडते. लेक आता माझ्या खांद्याला लागली, तरी तिने ताट सरकवलं की मी आधी तिचा घास चाखून बघते.

हे पत्र कुठे टाकायचं, पत्ताच नाही, त्यामुळे ते घरातच राहील. एक सांगते. लग्न झाल्यापासून मी सासूबाईंना कशानेच हाक मारली नव्हती, नुसतं "अहो" म्हणून भागवायची. तो शब्द तुझा होता. त्या दुपारी टॅक्सीतून पुन्हा त्यांना फोन लावला तेव्हा त्या पलीकडे हुंदके देत होत्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, रडू नका, मी येतेय." तेव्हापासून मी त्यांना तसंच म्हणते. तुला चालेल ना, हे मी विचारलं नाही.