रूळ घासणारं इंजिन

रविवार, ३ डिसेंबर १९७२

इंजिन माझ्याकडून काढून घेतलं! — 'काढून घेतलं' हा शब्द साहेबांचा नव्हे. ते म्हणाले, "मिस साळवे, इंजिनाची रोजची देखभाल आता चांगुणा करील. तुम्हाला मोटर सेक्शन पुरे आहे."

मी "बरं" म्हटलं.

बागेतली छोटी आगगाडी साहेबांनी जर्मनीहून आणली, हे खरं. पण रूळ घासणारं इंजिन माझं आहे. माझं ड्रॉइंग, माझं वायंडिंग. साखर कारखान्याचं गळीत सुरू झालं की धुराड्यातून चिपाडाची काजळी गेस्ट हाउसच्या बागेवर पडत राहते. पितळी रुळांवर तिचा थर बसतो, चाकांना वीज मिळत नाही, मुलांची गाडी अडते. आधी माझं इंजिन फिरवायचं. त्याच्या पोटाखालच्या दोन चकत्या रूळ घासत जातात. मग गाडी धावते. मुलं गाडीला टाळ्या वाजवतात. इंजिनाला कोणी वाजवत नाही. त्याचं मला काही नाही.

आणि चांगुणा कोण? बागेला पाणी घालणारी रोजंदारीची बाई. हसते फार.

मंगळवार, ५ डिसेंबर

शिकवायचं मीच! शिकवलं. चकत्या सोडवून आधी रॉकेलने पुसायच्या, मग स्पिरिटने. चाकांना चिकटलेली काजळी लाकडी काडीने काढायची, लोखंडाने नाही. मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत का ते पाहायचं. आसाला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, दुसरा नाही. आणि मुख्य म्हणजे चकत्या फिरत असताना इंजिन एका जागी उभं करायचं नाही, रुळाला खळगा पडतो.

"म्हंजी चालता चालताच खरवडायचं," चांगुणा म्हणाली. "माझ्या सासूवानी!"

गहिनीनाथ फिटर कानस खाली ठेवून हसला. मी हसले नाही. विनोद बरा होता.

रविवार, १० डिसेंबर

मुलं तिला 'चांगुणामावशी' म्हणतात. मी इथे दोन वर्षं आहे.

सोमवार, १८ डिसेंबर

साहेबांनी आज वर्कशॉपमध्ये, उभ्याउभ्या, चांगुणाच्या फडक्यातली भाकरी आणि ठेचा खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं तरी "अजून दे" म्हणत होते. माझ्याशी त्यांचं बोलणं व्होल्ट आणि अँपिअरमध्ये चालतं. मला आत्तापर्यंत तो मान वाटत होता.

ते गेल्यावर गहिनीनाथ म्हणाला, "साळवेबाई, इंजिनाच्या घरात सवत आली म्हणायची तुम्हाला!"

"तुमच्या ड्रिलचा पट्टा सुटलाय," मी म्हटलं.

सुटला होताच. पण तेवढ्यासाठी बोलले नाही.

बुधवार, ३ जानेवारी १९७३

जेवणाच्या सुट्टीत कोणी नसताना इंजिन उघडून पाहिलं. काही चुकलेलं सापडावं म्हणून. (इथे तरी खरं लिहावं.) चकत्या स्वच्छ, ब्रश नीट, तेल मोजकं. इंजिनाच्या पुढच्या बफरला मात्र काळा दोरा बांधलेला, दृष्ट लागू नये म्हणून! आसात गुंतला असता तर मोटर जळली असती. मला केवढा आनंद झाला. दोरा तोडून तिच्यापुढे धरला आणि सगळ्यांदेखत बोलले. तिने कान धरले. "न्हाई बांधणार, बाई." एवढंच. तोंडही पाडलं नाही.

राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

सोमवार, १५ जानेवारी

सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर चेअरमन बाग पाहायला येणार. गाडी पसंत पडली तर तिच्या देखभालीसाठी एक कायम जागा मंजूर करून घेणार आहेत साहेब. चांगुणासाठी. कायम झाली की तिला कॉलनीत खोली मिळेल. मुलगी पुणतांब्याला सासूजवळ असते, तिला इथल्या शाळेत घालेल.

हे तिने गहिनीनाथला सांगितलं. मला नाही. मला कोणी असलं काही सांगत नाही. सांगावं असा माझा चेहराही नसावा.

बुधवार, २४ जानेवारी

लिहावं की नको.

दुपारी टेस्टिंग रूमच्या खिडकीशी उभी होते. खाली बागेत चांगुणा रुळांशी बसली होती. जवळ कोळून ठेवलेली चिंच नि मीठ. समई घासावी तसे रूळ घासत होती, हाताने, एकेक फूट. काजळीचे काळे डाग इंजिनाने निघेनात म्हणून असेल. रूळ उजळत होते. गाणं म्हणत होती.

चिंचमीठ भांड्याला चालतं, कारण भांडं आपण खळखळून धुतो. दोन रूळ जिथे जोडलेत त्या सांध्यात ते आंबट पाणी शिरलं की बाहेर येत नाही. रात्रीचं दव पडलं की पितळेला हिरवा गंज धरतो, वीज पुढे जात नाही. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. त्याच वेळी नळाने भरपूर धुतलं असतं तरी निभावलं असतं. तिने ओल्या फडक्याने पुसून घेतलं.

मी खिडकीतून बाजूला झाले. टेबलाशी बसून मीटरची काच पुसली. ती स्वच्छच होती.

गुरुवार, २५ जानेवारी

रूळ सोन्यासारखे दिसतात. चमक जाईल म्हणून साहेबांनी आज गाडी फिरवू दिली नाही.

"बघितलंत का, मिस साळवे?"

"बघितलं," मी म्हटलं. खोटं नाही.

अजूनही सांगता आलं असतं.

शुक्रवार, २६ जानेवारी

गाडी पहिल्या वळणाआधीच थांबली. साहेबांनी बोटाने ढकलली. हातभर गेली, पुन्हा थांबली.

"यापेक्षा आमची बैलगाडी बरी की हो!" चेअरमन म्हणाले. सगळे हसले. हसत हसतच चहाला निघून गेले.

माझं इंजिन लावून पाहिलं. चकत्या रुळाचा माथा घासतात, सांध्याच्या आत पोचत नाहीत. मी मीटर लावला. तिसऱ्या सांध्यापुढे काही नाही. नखाने उकरलं तर हिरवं निघालं.

"काय लावलं रुळांना?" साहेब.

"चिंच, सायेब. मी लावली." चांगुणा.

"कोणाला विचारून?"

"कुनाला न्हाई."

"मिस साळवेंना विचारायचं! त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं असतं."

मी मीटरच्या तारा गुंडाळत होते. व्यवस्थित गुंडाळल्या.

सोमवार, २९ जानेवारी

जागा नामंजूर. चांगुणाची रोजंदारी महिनाअखेर बंद. साहेब तिच्याशी बोलले नाहीत, टाइमकीपरकडून निरोप दिला.

इंजिन परत माझ्याकडे. चकत्या सोडवल्या, रॉकेल, स्पिरिट, तेल. तिने सगळं जागच्या जागी ठेवलेलं. वाटलं होतं, आनंद होईल. झाला. दुपारपर्यंत टिकला.

गहिनीनाथ दिवसभर माझ्याकडे पाठ करून कानस चालवत होता.

बुधवार, ३१ जानेवारी

चांगुणा इंजिनाच्या शेडची किल्ली द्यायला आली. दारातच उभी राहिली.

"बाई, त्या दिशी तुमी वर खिडकीत हुत्या. बगितलं मी तुमाला. म्हटलं, चुकत असतं तर बाई वरडल्या असत्या. म्हनून निवांत घासत बसले."

मी हातातल्या चकतीवर फडकं फिरवत राहिले.

"सायबाला न्हाई सांगितलं म्या. तुमाला बी चिंचंचं ठावं नव्हतं, ते सगळ्यांम्होरं कशाला निघावं? तुमी शिकलेल्या. तुमचं हसं झालं असतं."

किल्ली ठेवून गेली. पुणतांब्याची एसटी पाचला आहे.

हे साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर लिहितेय. मला ठाऊक होतं, एवढंच सांगायचं आहे. आतला माणूस बाहेर आला. जाते.